नासपती: अढीपासून पाकापर्यंत

नासपती आवडत नाही असे सांगणाऱ्यांना कारण विचारले, तर बहुधा दोनच उत्तरे मिळतात. काहींच्या मते हे फळ कच्च्या बटाट्यासारखे कडक आणि बेचव असते. काहींच्या मते ते आतून तपकिरी, लिबलिबीत आणि आंबूस निघते. दोघांच्या हाती आलेले फळ चांगलेच असण्याची शक्यता मोठी आहे. एकाने ते चार दिवस आधी कापले आणि दुसऱ्याने चार दिवस उशिरा, एवढाच फरक. नासपती, म्हणजे बोलताना ज्याला पेर किंवा पेअर म्हणतात ते फळ, खाणाऱ्याला स्वतः पिकवावे लागते, आणि पुढे ते कसे खावे, कुठे ठेवावे, कशात घालावे हे सगळे ते फळ त्या दिवशी पिकण्याच्या कोणत्या टप्प्यावर आहे यावरून ठरते.

बाजारात मिळणाऱ्या नासपतीचे ढोबळमानाने दोन कुळे आहेत आणि त्यांची गल्लत केली की पुढचे सर्व सल्ले उलटे पडतात. निमुळत्या मानेची, पिकल्यावर लोण्यासारखी मऊ होणारी ती युरोपीय नासपती. बार्टलेट, आंजू, बॉस्क, कॉन्फरन्स, कॉमिस हे तिचे सर्वाधिक परिचित वाण. सफरचंदासारखी गोल, कचकचीत आणि भरपूर रसाची ती आशियाई नासपती, जिला जपानी नावावरून नाशी असेही म्हणतात. आशियाई नासपती झाडावरच पिकते, उतरवली की लगेच खाता येते आणि कितीही दिवस वाट पाहिली तरी ती युरोपीय नासपतीसारखी लोणी होत नाही. ‘हे फळ पिकतच नाही’ असे वाटत असेल, तर हाती कोणते कूळ आले आहे ते आधी पाहावे.

युरोपीय नासपतीचे वागणे याच्या नेमके उलट आहे. ती झाडावरच ठेवली तर आतून बाहेर पिकत जाते, म्हणजे साल हाताला मऊ लागेपर्यंत गाभ्याचा लगदा झालेला असतो आणि गरही अधिक रवाळ होतो. म्हणून पाडाला आलेले पण कडक असलेले फळ उतरवतात आणि थंडाव्यात ठेवतात. बऱ्याच वाणांना हा थंडावा चवीसाठी लागतोच, कारण काही काळ गारठ्यात राहिल्याखेरीज पिकण्याची क्रिया घडवणारा इथिलीन वायू फळात पुरेसा तयार होत नाही. बार्टलेटला तो फारसा लागत नाही, बॉस्कला साधारण दोन आठवडे, कॉमिसला महिनाभर आणि आंजूला शून्य अंशाच्या आसपास दोन महिने लागतात. विक्रीला येईपर्यंत फळाचा हा वनवास सहसा संपलेला असतो. ज्यांच्या दारात स्वतःचे झाड आहे त्यांनी मात्र तो मोजून पाळावा. फळ उतरवण्याची वेळ झाली की नाही हे ओळखण्याची रीत सोपी आहे: लोंबणारे फळ तळहातावर घेऊन आडवे होईल इतके वर उचलावे, देठ फांदीपासून कट्कन सुटला तर फळ तयार आहे, वाकूनही चिकटून राहिला तर आठवडाभर थांबावे.

उत्तर गोलार्धात बार्टलेटसारखे उन्हाळी वाण ऑगस्टपासून येऊ लागतात, हिवाळी वाण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उतरून शीतगृहातून पुढे कित्येक महिने मिळत राहतात. दक्षिण गोलार्धातील तोडणी साधारण जानेवारी ते एप्रिल या काळात होते. त्यामुळे फळ वर्षभर दिसते, पण हंगामाच्या सुरुवातीचे फळ आणि सहा महिने साठवलेले फळ यांच्या वासातला फरक नाकाला लगेच कळतो.

निवड आणि पिकवणे

फळ घेताना रंगावर विसंबू नये. बार्टलेट पिकताना हिरव्याची पिवळी होते आणि त्यामुळे सगळ्याच नासपत्या तशा होत असतील असा समज पसरतो. हिरवी आंजू पूर्ण पिकली तरी हिरवीच राहते. ती पिवळी होण्याची वाट पाहत मी एकदा सहा फळांची टोपली सडवली आहे. बाहेरून ती अखेरपर्यंत तजेलदार दिसत होती आणि सुरी घातल्यावर आत कॉफीच्या रंगाचा चिखल निघाला. बॉस्क आणि कॉन्फरन्स यांची साल मुळातच खडबडीत, तपकिरी असते, तोही दोष नव्हे.

खरी परीक्षा मानेपाशी होते. देठाच्या अगदी बुडाशी, जिथे फळ सर्वांत अरुंद असते तिथे, अंगठ्याने हलकेच दाबून पाहावे. तिथे किंचित दबले, तर फळ त्याच दिवशी खाण्याजोगे आहे. फळ आतून पिकत येत असल्याने आणि मानेचा भाग गाभ्याच्या वर असल्याने तिथली नरमाई आतली बातमी आधी देते. पोटाचा फुगीर भाग दबेपर्यंत थांबलात तर उशीर झालाच म्हणून समजावे. दुकानात मात्र ही परीक्षा करू नये, कारण नासपतीला बोटाची खूण लगेच पडते आणि दुसऱ्या दिवशी तिथे काळा डाग उमटतो. तिथे कडक, देठ शाबूत असलेली, ठेच न लागलेली फळे निवडावीत आणि पिकवण्याचे काम घरी आणून करावे.

पिकवण्यासाठी १८ ते २१ अंश सेल्सिअस हे तापमान उत्तम. फळे एका थरात, एकमेकांवर भार न येईल अशी, देठ वर करून ठेवावीत. थंडावा मिळालेली फळे अशा जागी चार ते सात दिवसांत तयार होतात. घाई असेल तर ती कागदी पिशवीत घालून सोबत पिकलेले केळे किंवा सफरचंद ठेवावे. त्यांतून निघणारा इथिलीन पिशवीत साचतो आणि नासपतीला जागे करतो, त्यामुळे एक-दोन दिवस वाचतात. ही नासपतीची अढीच म्हणायची, फक्त गवताऐवजी कागदाची. प्लास्टिकची पिशवी वापरू नये, कारण तिच्यात ओल आणि कार्बन डायऑक्साइड कोंडून फळ पिकण्याऐवजी कुजते. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवूनही घाई साधत नाही. तापमान ३० अंशांच्या पुढे गेले की पिकण्याची क्रिया मंदावते आणि फळ नुसतेच सुरकुतते. रोज एकदा मान दाबून पाहावी. पहिल्या तीन दिवसांत काही घडत नाही असे वाटते आणि मग एका रात्रीत सगळी फळे एकदम तयार होतात, ही नासपतीची जुनी खोड आहे.

साठवण

या खोडीवर उपाय फ्रिजचा. कडक फळे आणल्याबरोबर सगळी बाहेर न ठेवता बहुतेक फ्रिजच्या तळच्या, सर्वांत थंड कप्प्यात ठेवावीत आणि दर दोन दिवसांनी खाण्यापुरती दोन-तीन बाहेर काढावीत. मग ती पाळीपाळीने पिकतात आणि एकदम डझनभर फळे संपवण्याची पाळी येत नाही. शीतगृहात नासपती उणे १ ते ० अंश तापमानात आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रतेत ठेवतात. घरच्या फ्रिजमध्ये तापमान साधारण ४ अंश असते आणि हवा कोरडी असते, त्यामुळे तिथे ती महिनोन्‌महिने टिकणार नाही, पण दोनेक आठवडे सहज निघतात. पूर्ण पिकलेले फळ फ्रिजमध्ये टाकले की तीन-चार दिवसांची सवड मिळते. खाण्यापूर्वी अर्धा तास ते बाहेर काढून ठेवावे, कारण गारठलेल्या नासपतीला वासच येत नाही आणि नासपतीची निम्मी चव वासातच असते.

शेजारही पाहावा लागतो. नासपती भोवतीचे वास शोषून घेते, म्हणून कांदा-लसणापासून ती लांब असावी. आणि तिच्यातून निघणारा इथिलीन पालेभाज्या पिवळ्या पाडतो व गाजरे कडवट करतो, म्हणून भाज्यांच्या कप्प्यात तिला जागा देऊ नये. फळे धुवायची ती खाण्याच्या आधी; धुऊन ओली ठेवलेली फळे देठापाशी बुरसतात. ठेच लागलेले एखादे फळ ढिगात राहिले तर तेच आधी बिघडते आणि आपल्या इथिलीनने इतरांनाही घाई करते, त्यामुळे ते वेगळे काढून लगेच वापरावे.

आशियाई नासपतीला यांतले बरेच काही लागू नाही. तिची साल पातळ आणि नाजूक असल्याने प्रत्येक फळ कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवावे. तसे ठेवलेले फळ कित्येक आठवडे आपला कचकचीतपणा टिकवते.

कापणे आणि खाणे

नासपतीच्या गरात दातांखाली जी बारीक कणी लागते, ती जाड भित्तिकांच्या कठीण पेशींची असते; त्यांना अश्मपेशी म्हणतात. गाभ्याभोवती आणि सालीलगत त्या दाट असतात. कणी नकोशी वाटत असेल तर गाभा थोडा सैल हाताने, गोल कोरून काढावा. यासाठी सुरीपेक्षा पातळ कडेचा लहान चमचा अधिक उपयोगी पडतो: फळाचे उभे दोन भाग करून चमच्याने बियांसकट वाटीएवढा खळगा कोरावा आणि मग देठापासून गाभ्यापर्यंत जाणारी चिवट शीर सुरीच्या टोकाने दोन्ही बाजूंनी तिरका छेद देऊन उचलावी. ही शीर राहून गेली की शिजवल्यावरही ती दोऱ्यासारखी तोंडात येते.

साल शक्यतो ठेवावी. मध्यम आकाराच्या, सुमारे १८० ग्रॅमच्या एका नासपतीतून साडेपाच ग्रॅमच्या आसपास तंतू मिळतात आणि त्यांचा मोठा वाटा सालीत असतो. नासपतीत सॉर्बिटॉल नावाची, पूर्ण न पचणारी शर्कराही बरीच असते. बद्धकोष्ठावर या फळाचा उपयोग होतो तो या दोघांमुळे, आणि एका बैठकीत तीन-चार फळे खाल्ल्यावर पोट फुगते तेही त्यांच्यामुळेच. ज्यांना भूर्ज वृक्षाच्या परागांची अ‍ॅलर्जी असते, त्यांतल्या काहींना कच्ची नासपती खाल्ल्यावर ओठांना व घशाला खाज सुटते. शिजवलेले फळ त्यांना बहुधा बाधत नाही, तरी प्रयोग करण्याआधी डॉक्टरांना विचारलेले बरे.

चिरलेली फोड काही मिनिटांत तपकिरी पडते, ती गरातल्या विकरांचा हवेशी संबंध येतो म्हणून. अर्धा लिटर पाण्यात एक मोठा चमचा लिंबाचा रस घालून त्यात फोडी दोन मिनिटे बुडवाव्यात. कोशिंबिरीसाठी मी फोडी सर्वांत शेवटी चिरते आणि रस थेट त्यांवरच पिळते. पाण्यात फार वेळ ठेवल्याने फोडी टिकतात खऱ्या, पण पांचट होतात. कच्च्या नासपतीला अक्रोड, तीव्र चवीचे मुरलेले चीज, थोडा कडसर पाला आणि ताजी मिरपूड यांची संगत फार मानवते. कॉमिसच्या वाट्याला मात्र यातले काही जाऊ नये. ती नुसती, ताटली खाली धरून, चमच्याने खावी.

शिजवणे

येथे टप्प्याचे महत्त्व सर्वाधिक. मान नुकती दबू लागलेले, पण पोटाशी कडक असे फळ पाकात शिजवण्यास, भाजण्यास आणि केकमध्ये घालण्यास योग्य. हातात धरल्यावर बोटे रुतू लागलेले फळ मुरंब्याला किंवा गोड लगद्याला द्यावे. अगदी कडक, वासही न आलेले फळ व्हिनेगर, साखर, आले, कांदा आणि बेदाणे घालून मंद आचेवर आटवलेल्या चटणीत खपते, कारण तिथे चव बाहेरून येते आणि फळाकडून फक्त पोत हवा असतो. वाणांत बॉस्क आणि कॉन्फरन्स उष्णतेला नेटाने तोंड देतात व आकार सोडत नाहीत. बार्टलेट लवकर विरघळते, म्हणून ती मुरंब्याला सरस. परदेशी पाककृतींत ‘विल्यम्स’ असे नाव आले तर गोंधळू नये. ती बार्टलेटच आहे. मूळ नाव ठाऊक नसलेल्या एनॉक बार्टलेट यांनी अमेरिकेत ती स्वतःच्या नावाने वाटली आणि तिथे तेच नाव रूढ झाले.

पाकातली नासपती हा या फळाचा सर्वांत देखणा उपयोग आहे आणि तो वाटतो तितका अवघड नाही. चार ते सहा फळांसाठी एक लिटर पाणी आणि २५० ग्रॅम साखर घ्यावी. त्यात लिंबाच्या सालीच्या दोन-तीन पट्ट्या, अर्ध्या लिंबाचा रस, दालचिनीचा एक तुकडा आणि ठेचलेल्या चार वेलच्या घालून साखर विरघळेपर्यंत गरम करावे. पाक पातळच हवा. सुरुवातीपासून घट्ट पाक घेतला तर तो फळातले पाणी ओढून घेतो आणि फळ आक्रसते. पाक तापतो आहे तोवर देठ तसाच ठेवून फळे वरून खाली लांब पट्ट्यांत सोलावीत आणि बुडाकडून लहान चमचा फिरवून गाभा काढावा. पातेले असे निवडावे की त्यात फळे दाटीने बसतील, नाहीतर ती बुडवायला दुप्पट पाक करावा लागतो.

फळे वर तरंगतात आणि पाकाबाहेर राहिलेला भाग काळवंडतो. त्यावर तोडगा म्हणजे पातेल्याच्या मापाचा बटर पेपरचा गोल कापून, मधोमध बोटभर भोक पाडून, तो थेट फळांवर टेकवावा. आच इतकी मंद असावी की पृष्ठभाग नुसता थरथरावा आणि मधूनच एखादा बुडबुडा यावा. पाक खदखदू लागला की बाहेरचा गर फाटतो आणि आतला कच्चा राहतो. पंधरा मिनिटांनी फळाच्या सर्वांत जाड भागात टूथपिक खुपसून पाहावी. ती लोण्यात जावी तशी गेली तर झाले. कुठे अडली तर पाच-पाच मिनिटे वाढवावीत, कडक फळाला अर्धा तासही लागतो. मात्र अगदी पूर्ण शिजेपर्यंत न थांबता किंचित आधी गॅस बंद करावा, कारण फळ गरम पाकात निवत असताना आणखी शिजते. त्याच पाकात रात्रभर फ्रिजमध्ये मुरू दिलेली नासपती दुसऱ्या दिवशी अधिक गोड, अधिक पारदर्शक आणि चवीला एकजीव होते. वाढताना फळे बाहेर काढून पाक तिसरा हिस्सा उरेपर्यंत आटवावा, म्हणजे तो चमच्याला धरू लागतो.

कधी कधी आम्लयुक्त पाकात फार वेळ शिजलेली नासपती आपोआप गुलाबी होते. फळातली रंगहीन टॅनिने उष्णता आणि आम्ल यांमुळे लाल रंगद्रव्यात बदलतात म्हणून हे घडते. डबाबंद नासपतीत हा दोष मानतात. मला तो रंग फार आवडतो आणि मुद्दाम यावा म्हणून मी कधी आच आणखी बारीक करून फळे दोन-अडीच तास ठेवते. यासाठी मात्र बॉस्कसारखे टणक वाण हवे, आणि तरीही दर वेळी रंग येईलच याची खात्री नसते.

भाजणे सोपे आहे. अर्ध्या केलेल्या, गाभा कोरलेल्या फळांना लोणी आणि थोडा मध लावून, कापलेली बाजू खाली करून, १९० अंशांवर ३० ते ४० मिनिटे ओव्हनमध्ये ठेवावे आणि मध्यावर एकदा उलटून त्यांतून सुटलेला रस त्यांच्यावरच ओतावा. केकमध्ये घालताना लक्षात ठेवण्याची एकच गोष्ट म्हणजे नासपतीत सुमारे ८४ टक्के पाणी असते. फोडी आधी थोड्या लोण्यावर परतून पाणी आटवले नाही, तर केकचा मधला भाग चिकट राहतो.

अतिपिकलेल्या फळांचा गोड लगदा करताना एक किलो फोडी अर्धा कप पाण्यात झाकून मऊ शिजवाव्यात, चाळणीतून काढाव्यात आणि १५० ते २०० ग्रॅम साखर, एका लिंबाचा रस व आल्याचा कीस घालून मंद आचेवर ढवळत आटवाव्यात. हे मिश्रण घट्ट होऊ लागले की उडते, म्हणून लांब दांड्याचा चमचा घ्यावा. थंड ताटलीवर थेंब टाकल्यावर त्याच्या भोवती पाण्याची कड सुटली नाही, की तयार झाले असे समजावे. जेलीसारखा जमणारा मुरंबा हवा असेल तर थोडे सफरचंद मिसळावे, कारण पिकलेल्या नासपतीत पेक्टिन बेताचेच असते.

दीर्घकाळासाठी

कच्च्या फोडी तशाच फ्रीझरमध्ये ठेवल्या तर वितळल्यावर त्यांचा लगदा होतो. त्याऐवजी त्या पातळ पाकात एक-दोन मिनिटे उकळून, गार करून, पाकासकट डब्यात भरून उणे १८ अंशांवर ठेवाव्यात. बाटलीबंद करण्याबाबत एक इशारा गंभीरपणे घ्यावा: आशियाई नासपतीत आम्ल कमी असते आणि कमी आम्लाच्या हवाबंद बरणीत बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जंतू वाढू शकतो. म्हणून ती भरताना प्रत्येक अर्ध्या लिटरच्या बरणीत एक मोठा चमचा बाटलीतला लिंबाचा रस घालणे आवश्यक आहे. ताज्या लिंबाचा आंबटपणा फळागणिक बदलतो, बाटलीतल्या रसाचा ठरलेला असतो. त्यामुळे येथे ताज्या लिंबाचा हट्ट धरू नये.

वाळवणे मला या सर्वांत कमी कटकटीचे वाटते. नुकत्या पिकलेल्या, अजून घट्ट असलेल्या फळांच्या पाऊण सेंटिमीटर जाडीच्या चकत्या लिंबाच्या पाण्यातून काढून, पुसून, ५७ ते ६० अंशांवर वाळवणयंत्रात पसराव्यात. चकती वाकवल्यावर न तुटता चामड्यासारखी वाकली आणि दुमडून दाबली तरी कडेला ओल आली नाही, म्हणजे ती वाळली. पूर्ण थंड झाल्यावर चकत्या काचेच्या बरणीत सैलसर भराव्यात आणि आठवडाभर बरणी रोज एकदा हलवून काचेच्या आतल्या बाजूकडे पाहावे. तिथे दव दिसले तर चकत्या पुन्हा तासाभरासाठी वाळवणयंत्रात घालाव्यात. बुरशीचा एखादा ठिपका दिसला तर मात्र सगळी बरणी टाकून द्यावी.